वीस वर्षांनी पूलच्या टेबलाकडे परतताना

कॉलेजच्या दिवसांत नागपूरच्या सीताबर्डी, सदर किंवा धरमपेठेतल्या एखाद्या पार्लरमध्ये पूल, म्हणजे लांब काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये (भोकांत) घालण्याचा खेळ, खेळलेली आणि पुढे नोकरी, घर, मुले यांच्या व्यापात टेबलापासून दूर गेलेली पुष्कळ माणसे चाळिशीच्या आसपास पुन्हा या खेळाकडे वळताना दिसतात. मी स्वतः त्यांच्यापैकी एक आहे. हा लेख अशा परतणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. ज्यांनी हा खेळ कधीच खेळलेला नाही त्यांनाही यातील बहुतेक भाग उपयोगी पडेल, कारण परतणाऱ्यालाही सुरुवात पहिल्या धड्यापासूनच करावी लागते.

परतणाऱ्याची पहिली संध्याकाळ साधारणपणे एकाच प्रकारे जाते. दोन-तीन लांबचे बॉल सहज पॉकेटमध्ये जातात, जुने दिवस आठवतात, आणि त्यानंतर तासभर काहीच जमत नाही. हात खेळ विसरलेला नसतो, पण त्याला लागलेल्या वाईट सवयीही तो विसरलेला नसतो. विशीत आपण रोज तीन-चार तास टेबलावर असायचो. त्यामुळे स्ट्रोक वाकडा असला तरी तो रोज सारखाच वाकडा पडायचा आणि नेम आपोआप त्याला जुळवून घ्यायचा. आता आठवड्याला दोन किंवा तीन तास मिळतात, आणि एवढ्या थोड्या सरावावर वाकडा स्ट्रोक सांभाळता येत नाही. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते एकाच कसोटीवर निवडलेले आहे: थोड्या सरावातही जे टिकून राहील तेच शिकायचे.

जागा आणि वेळ

नागपुरातल्या बऱ्याच पार्लरमध्ये स्नूकरची मोठी टेबले मुख्य जागी आणि पूलची एक-दोन टेबले बाजूला असतात. त्यांतले एक टेबल निवडा आणि पहिले दोन महिने शक्यतो त्याच टेबलावर सराव करा, म्हणजे चूक झाली तेव्हा ती तुमची की टेबलाची हे कळेल. टेबलाचे माप विचारून घ्या. नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा १०० इंच बाय ५० इंच असते आणि आठ फुटी टेबलाची ८८ बाय ४४ इंच. पांढरा बॉल अगदी हळू, चारही दिशांना सोडून पाहा. शेवटच्या फूटभरात तो एका बाजूला वळत असेल तर टेबल समपातळीत नाही. पॉकेटची रुंदीही एकदा पाहून ठेवा. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर असतो आणि आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साडेचार इंचांच्या थोडे वर असते, म्हणजे तिथे दोन बॉल शेजारीशेजारी जेमतेम मावतात. तुमच्या पार्लरमध्ये दोन बॉलांच्या बाजूला आणखी बोटभर जागा उरत असेल, तर तिथे मिळणारे यश थोडे कमी करून मोजावे.

संध्याकाळी सहानंतर पार्लर कॉलेजच्या मुलांनी भरलेले असते. एकट्याने सराव करायचा असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारची वेळ किंवा रविवारी सकाळी पार्लर उघडल्याबरोबरची वेळ सर्वांत चांगली. टेबल फ्रेमप्रमाणे, म्हणजे डावागणिक, न घेता ताशी दराने घ्या आणि एकट्याने सराव करणार असल्याचे आधीच सांगून ठेवा. जिथे जुना मार्कर आहे अशी जागा मिळाली तर ती सोडू नका. टेबल लावणारा, गुण मांडणारा हा माणूस वर्षानुवर्षे शेकडो खेळाडूंच्या मागे उभा राहिलेला असतो आणि तुमच्या हातात काय बिघडले आहे ते त्याला दोन मिनिटांत दिसते.

साहित्य: थोडेच, पण नीट

क्यूला, म्हणजे पार्लरमध्ये ज्याला सर्रास स्टिक म्हणतात तिला, पहिले तीन महिने विकत घेण्याची घाई करू नये. पार्लरमधलीच एक स्टिक डोळ्याशी धरून लांबीने सरळ आहे का पाहा, टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, घट्ट बसलेली आणि वरून गोलसर आहे का पाहा, आणि दर वेळी तीच मागून घ्या. पूलची स्टिक साधारण ५७ ते ५८ इंच लांब आणि ५१० ते ५९५ ग्रॅम वजनाची असते. तिची टिप १२ ते १३ मिलिमीटर रुंद, तर स्नूकरची टिप ९ ते १० मिलिमीटर. स्नूकरचा बॉलही लहान, ५२.५ मिलिमीटरचा असतो. अनेक पार्लरमध्ये पूलच्या टेबलावर स्नूकरचीच स्टिक हातात दिली जाते. तीही चालेल, मात्र एकदा एक आणि पुढच्या वेळी दुसरी असे करू नका, कारण हाताला वजनाचा आणि टिपेचा अंदाज बसायला आठवडे लागतात. पुढे स्वतःची स्टिक घेतलीत तर तिला मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. नागपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीत लाकूड वाकते आणि टिपेचा गोंद सुटतो. माझी पहिली स्टिक अशाच एका दुपारी गेली.

चॉक हा नावाचाच चॉक आहे. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी सिलिका आणि कुरुंद यांच्यापासून बनवलेल्या चॉकचे पेटंट घेतले, आणि चामड्याची टिप गुळगुळीत बॉलवरून घसरू नये एवढेच त्याचे काम आहे. प्रत्येक शॉटच्या आधी टिपेच्या कडांवरून तो हलकासा फिरवावा. मधोमध दाबून गरगर फिरवल्यास चॉकमध्ये खड्डा पडतो आणि कडा कोरड्याच राहतात.

चष्म्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण चाळिशीनंतर परतणाऱ्याच्या खेळातला हा सर्वांत दुर्लक्षित अडथळा आहे. स्टिकवर वाकल्यावर आपण चष्म्याच्या सर्वांत वरच्या कडेतून पाहतो. प्रोग्रेसिव्ह काचेत दूरचा नंबर वरच्या भागात असला तरी अगदी कडेजवळ प्रतिमा विकृत होते, आणि लहान फ्रेम असेल तर फ्रेमची दांडीच नजरेच्या रेषेत येते. मग खेळाडू नकळत मान वर ताणतो, मान दुखते आणि नेमही चुकतो. मी आठ महिने माझ्या नेमाला दोष देत राहिलो होतो. फक्त दूरच्या नंबरची, मोठ्या आणि नाकावर उंच बसणाऱ्या फ्रेमची वेगळी जोडी करून घेतल्यावर दोन आठवड्यांत फरक पडला. नंबर काढताना चष्म्याच्या दुकानात वाकून पाहण्याची स्थिती प्रत्यक्ष करून दाखवावी.

उभे राहणे

शॉटचा निर्णय उभे असतानाच पूर्ण करायचा असतो. पांढऱ्या बॉलच्या मागे दोन पावले उभे राहून समोरचा बॉल कुठे लागला पाहिजे हे ठरवा, आणि त्या रेषेवरूनच खाली वाका. आधी वाकून मग नेम शोधणे ही परतणाऱ्यांची फार जुनी सवय असते. त्यात शरीर एका रेषेवर आणि नेम दुसऱ्या रेषेवर राहतो, आणि ती तफावत शेवटच्या क्षणी मनगट वळवून भरून काढली जाते.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवे पाऊल रेषेवर ठेवावे, डावे पाऊल खांद्याइतक्या अंतरावर पुढे आणि किंचित डावीकडे टाकावे, आणि कमरेतून वाकावे. डावा पंजा कापडावर घट्ट, पांढऱ्या बॉलपासून वीतभर किंवा त्याहून थोडा कमी अंतरावर टेकवावा. मागचा हात स्टिक धरतो तो हलकाच, आणि टिप बॉलला लागते त्या क्षणी कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग सरळ खाली लोंबकळत असला पाहिजे. स्नूकरच्या खेळाडूंप्रमाणे हनुवटी स्टिकला टेकलीच पाहिजे असा आग्रह पाठ किंवा मान ताठ झालेल्या माणसाने धरू नये. हनुवटी वीतभर वर राहिली तरी चालेल, फक्त डोके दर वेळी त्याच उंचीवर आणि स्टिकच्या बरोबर वर असावे. खेळण्याआधी पाच मिनिटे मान, कंबर आणि मांडीचे मागचे स्नायू सैल करून घ्या.

सरळ स्ट्रोक

स्ट्रोक सरळ असण्याचे महत्त्व एका साध्या हिशोबाने पटेल. पांढरा बॉल ठरलेल्या रेषेपासून फक्त एक अंश चुकून निघाला आणि एक मीटर गेला, तर तो सुमारे १७ मिलिमीटर बाजूला पोचतो. समोरच्या बॉलला अगदी सरळ मारायचे होते असे धरले, तर एवढ्या चुकीने तो बॉल जवळजवळ १८ अंश वाकडा जातो. तोच पांढरा बॉल अर्ध्या मीटरवर असता, तर वाकडेपणा सुमारे नऊ अंशांचा झाला असता. म्हणजे हाताची चूक तेवढीच राहिली तरी अंतर दुप्पट झाले की तिचा परिणामही दुप्पट होतो. या हिशोबातून दोन गोष्टी निघतात. स्ट्रोक सरळ केल्याशिवाय नेमाच्या कोणत्याही पद्धतीचा उपयोग नाही, आणि पांढरा बॉल पुढच्या बॉलच्या जवळ आणून ठेवणे हे कमी सराव असलेल्या माणसाचे सर्वांत मोठे संरक्षण आहे.

पहिला सराव एकट्या पांढऱ्या बॉलचा. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, जिथून करतो त्या रेषेच्या मध्यबिंदूवर बॉल ठेवा आणि तो रॅकच्या स्पॉटवरून (बॉलांचा त्रिकोण जिथून लावतात त्या खुणेवरून) पलीकडच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागून सरळ परत यावा असा मध्यम वेगाने मारा. मारल्यावर स्टिक तिथेच ठेवा. परत येणारा बॉल टिपेला लागला पाहिजे. बॉल जाताना स्पॉटवरून गेला, पण परतताना बाजूला पडला, तर टिप बॉलच्या मध्यावर न लागल्याने त्याला नको असलेली साइड, म्हणजे डावी-उजवी फिरकी, मिळाली आहे. जातानाच स्पॉट चुकला, तर स्टिक वाकडी पुढे गेली आहे. या दोन चुकांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या ओळखा. पहिल्या चुकीसाठी पट्ट्याचा एखादा बॉल, पट्टा उभा आणि मारण्याच्या रेषेत येईल असा ठेवून पांढऱ्याऐवजी मारा. पट्टा डगमगला की साइड लागली हे लगेच दिसते. दुसऱ्या चुकीसाठी स्टिक मागे नेण्याचे अंतर कमी करा.

स्ट्रोकची चाल अशी असावी: दोन किंवा तीन वेळा स्टिक बॉलपर्यंत नेऊन मागे आणा, बॉलजवळ क्षणभर थांबा, नजर समोरच्या बॉलवर न्या, स्टिक सावकाश मागे घ्या, आणि घाई न करता वेग वाढवत बॉलमधून पुढे जा. कोपर बिजागरीसारखे एकाच जागी राहिले पाहिजे. टिप बॉलच्या जागेच्या पलीकडे चार-पाच बोटे जाऊन थांबते, आणि समोरचा बॉल पॉकेटमध्ये पडेपर्यंत डोके हलत नाही. मी परतलो तेव्हा माझे डोके टिप लागण्याआधीच वर जायचे. पार्लरमधल्या वयस्कर मार्करने एका दुपारी मागे उभे राहून दहा शॉट पाहिले आणि म्हटले, “साहेब, मान नका उचलू ना जी; बॉल गेला का नाही थे मी सांगतो तुम्हाले.” पुढचा अर्धा तास बॉल गेल्याचे मी खरोखर त्याच्याकडूनच ऐकत होतो, आणि त्या अर्ध्या तासात मला जे मिळाले ते आधीच्या दोन महिन्यांत मिळाले नव्हते.

दुसरा सराव सरळ रेषेतला आहे आणि माझ्या मते पूर्ण लेखात हा सर्वांत महत्त्वाचा आहे. समोरचा बॉल टेबलाच्या मध्यावर ठेवा, पांढरा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या रेषेत दीड फूट मागे ठेवा, आणि समोरचा बॉल पॉकेटमध्ये घालून पांढरा बॉल जागच्या जागी थांबवा. पांढरा थांबण्यासाठी टक्कर होते त्या क्षणी त्याला पुढची किंवा मागची कोणतीच फिरकी नसली पाहिजे. मध्याच्या थोडे खाली मारल्यावर मिळालेली मागची फिरकी कापडाच्या घर्षणाने वाटेत कमी होत जाते, म्हणून अंतर वाढले की अधिक खाली किंवा अधिक जोराने मारावे लागते. दहा प्रयत्न करा. बॉल गेला आणि पांढरा अर्ध्या बॉलच्या आत थांबला तरच तो प्रयत्न मोजा. दहापैकी सात जमले की पांढरा बॉल अर्धा फूट मागे न्या, आणि पाचच जमले तर अर्धा फूट पुढे आणा. पांढरा डावीकडे किंवा उजवीकडे घरंगळला तर रेष चुकली होती, पुढे गेला तर टिप वर लागली होती, आणि मागे आला तर गरजेपेक्षा खाली. एका शॉटमध्ये नेम, रेष, उंची आणि जोर या चारही गोष्टींची परीक्षा होते.

नेम

नेमाच्या अनेक पद्धती आहेत. त्यांतली एकच धरून राहा. सर्वांत समजण्यासारखी म्हणजे काल्पनिक बॉलची. समोरच्या बॉलच्या मागे, पॉकेटच्या बरोबर विरुद्ध बाजूला, त्याला चिकटून आणखी एक बॉल आहे अशी कल्पना करा आणि आपला पांढरा बॉल त्याच जागी पोचवा. सोबत एक खूण लक्षात ठेवा: पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर रोखला, म्हणजे अर्धा बॉल झाकला, तर समोरचा बॉल ३० अंशांनी वळतो. तीन चतुर्थांश झाकला तर साधारण १४ अंशांनी, आणि एक चतुर्थांश झाकला तर सुमारे ४९ अंशांनी. या तीन कोनांची ओळख झाली की बाकीचे कोन त्यांच्या मध्ये बसवता येतात.

एक सूक्ष्म गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे. दोन बॉल तिरके घासतात तेव्हा त्यांच्यातल्या घर्षणामुळे समोरचा बॉल काल्पनिक बॉलने सांगितलेल्या दिशेपेक्षा थोडा कमी वळतो, आणि हळू मारलेल्या शॉटमध्ये हा परिणाम अधिक असतो. बॉल मळलेले असतील तर तो आणखी वाढतो. त्यामुळे सावकाश मारलेला अर्ध्या बॉलचा शॉट पॉकेटच्या एकाच बाजूला आदळत राहतो आणि खेळाडूला आपला नेमच बिघडल्यासारखे वाटते. सराव सुरू करण्याआधी ओल्या फडक्याने सगळे बॉल पुसून कोरडे करा, आणि हळू शॉटमध्ये समोरचा बॉल किंचित बारीक कापा, म्हणजे थोडा कमी झाकून मारा.

पांढऱ्या बॉलवर ताबा

टिप बॉलच्या मध्यापासून किती दूर लावता येते यालाही मर्यादा आहे: त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे पूलच्या बॉलवर सुमारे १४ मिलिमीटर. त्यापलीकडे चॉक लावला असला तरी टिप निसटते. परतणाऱ्याने या मर्यादेच्या जवळही जाण्याची गरज नाही. मध्य, मध्याच्या वर अर्ध्या टिपेएवढे आणि मध्याच्या खाली अर्ध्या टिपेएवढे, एवढ्या तीन जागांवर पहिले सहा महिने खेळावे, आणि डावी-उजवी साइड बाजूला ठेवावी. साइड लावली की पांढरा बॉल निघतानाच विरुद्ध दिशेला थोडा सरकतो, आणि पुढे जाताना वळतोही. या दोन्हींचा अंदाज रोज खेळणाऱ्याच्या हातात बसतो. आठवड्याला दोन तास खेळणाऱ्याच्या हातातून तो दर वेळी निसटतो. साइड वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण जे शॉट साइडशिवाय शक्य आहेत ते साइड लावून कठीण करू नयेत.

आंतरजालावरच्या अमेरिकी शिकवणीत वेगळे शब्द येतात. आपल्याकडे ब्रिटिशांच्या काळापासून बिलियर्ड्स आणि स्नूकरची भाषा रुजलेली आहे, म्हणून मागच्या फिरकीला आपण स्क्रू म्हणतो तिथे ते ड्रॉ म्हणतात, आपल्या साइडला ते इंग्लिश म्हणतात, कुशनला रेल आणि इन-ऑफला, म्हणजे पांढरा बॉलच पॉकेटमध्ये जाण्याला, स्क्रॅच. ही भाषा आपल्या भागात इतकी मुरली आहे याचे कारणही जवळचेच आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन याने ब्लॅक पूल नावाच्या खेळात रंगीत बॉल मिसळले आणि त्यातून स्नूकर निघाले. तेव्हा जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती.

पांढरा बॉल टकरीनंतर कुठे जाईल याचे दोन नियम पाठ असावेत. पांढरा बॉल फिरकीशिवाय, नुसता घसरत समोरच्या बॉलला तिरका लागला, तर दोघांच्या वाटा एकमेकींशी काटकोन करतात. तो स्वाभाविकपणे घरंगळत जाऊन लागला, आणि समोरचा बॉल साधारण पाव ते पाऊण झाकला असेल, तर पांढरा आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधले बोट सैलपणे फाकवल्यावर होणारा कोन साधारण एवढाच असतो. एक बोट नेमाच्या दिशेला धरले की दुसरे बोट पांढऱ्याची वाट दाखवते. पार्लरमध्ये दिसणारे निम्मे इन-ऑफ एवढे पाहून टाळता येतील असे मला मनापासून वाटते. कोपऱ्यातल्या पॉकेटपासून दोन फुटांवर अर्ध्या बॉलचा एक शॉट मांडा, तोच शॉट आधी घरंगळत आणि नंतर घसरत मारा, आणि पांढरा बॉल कुशनला कुठे लागतो तिथे चॉकचा तुकडा ठेवत जा. वीस मिनिटांत दोन्ही नियम डोळ्यांना पटतात.

वेगाचा सराव कंटाळवाणा वाटतो म्हणून तो कोणी करत नाही. फक्त पांढरा बॉल घेऊन टेबलाची एक लांबी, दोन लांब्या, तीन लांब्या असे मारा आणि प्रत्येक वेळी तो कुशनपासून वीतभर अंतरात थांबवण्याचा प्रयत्न करा. आरंभी पाच मिनिटे हे केले तर त्या दिवशीच्या कापडाची चाल हाताला कळते. नागपुरात याला विशेष महत्त्व आहे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कापड सुकून बॉल दूरवर धावतो. पण त्याच महिन्यात हॉलमध्ये कूलर लावला असेल तर त्याच्या ओलसर हवेने कापड दमट होते आणि तेच टेबल जड वाटू लागते. पावसाळ्यात हा जडपणा सगळीकडेच असतो. कूलरच्या झोतासमोरचे टेबल शक्यतो घेऊ नका. हाताला घाम येत असेल तर पावडरपेक्षा हात धुऊन कोरड्या रुमालाने पुसणे चांगले, कारण पावडर कापडावर आणि बॉलवर बसते.

एट-बॉल खेळताना

एट-बॉल म्हणजे पूलचा तो प्रकार ज्यात आपल्या गटाचे (एकरंगी किंवा पट्ट्याचे) सगळे बॉल घालून शेवटी काळा घालायचा असतो. खेळण्याआधी नियम विचारून घ्या. प्रत्येक पार्लरमध्ये ते थोडे वेगळे असतात आणि वाद होतो तो इथेच. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ब्रेकमध्ये एखादा बॉल पडला तरी टेबल खुलेच राहते, आणि गट त्यानंतर नियमानुसार घातलेल्या पहिल्या बॉलने ठरतो. फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला पांढरा बॉल टेबलावर कुठेही ठेवता येतो. टक्कर झाल्यावर एकही बॉल पॉकेटमध्ये गेला नाही आणि एकही कुशनला लागला नाही, तर तोही फाउल आहे. ब्रेक करताना जोरापेक्षा पहिल्या बॉलवर पूर्ण आणि सरळ बसणारा फटका महत्त्वाचा असतो; पांढरा बॉल टेबलाच्या मध्यात राहील एवढाच जोर लावा.

ब्रेकनंतर लगेच वाकू नका. दोन्ही गटांतले अडकलेले बॉल आधी शोधा आणि ज्या गटात ते कमी आहेत तो निवडा. परतणाऱ्या खेळाडूची सर्वांत महागडी चूक मी वारंवार पाहिली आहे: तो सोपे पाच-सहा बॉल भराभर घालतो, कुशनला चिकटलेला एक बॉल शेवटी उरतो, आणि त्याला सोडवायला आता जवळ दुसरा बॉल नसतो. शिवाय त्याचेच बॉल प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत अडथळे म्हणून उभे होते, तेही त्याने स्वतःच उचलून टाकलेले असतात. अडकलेला बॉल सोडवण्याची सोय पहिल्या दोन-तीन बॉलांत करा. ती दिसत नसेल तर पांढरा बॉल अवघड जागी ठेवून डाव प्रतिस्पर्ध्याकडे द्या. काळ्याच्या आधीचा शेवटचा बॉल कोणता असेल हेही आधी ठरवा, आणि तिथून मागे मोजत या. पुढच्या बॉलसाठी पांढरा बॉल त्या बॉलच्या आणि पॉकेटच्या रेषेतून पलीकडे ओलांडून जाईल अशी वाट घेऊ नका. त्या रेषेच्या लांबीला धरून येणारी वाट निवडली, तर वेगात फूटभर चूक झाली तरी शॉट शिल्लक राहतो.

यासाठी सराव असा करा. टेबलावर कोणतेही तीन बॉल मोकळे टाका, पांढरा बॉल हाताने हवा तिथे ठेवा, क्रम मोठ्याने बोलून ठरवा आणि तिन्ही घाला. एक जरी चुकला तरी प्रयत्न फुकट गेला असे धरा. दहापैकी सात वेळा जमू लागले की चार बॉल घ्या.

आठवड्याचा हिशोब

चार तासांची एक लांब बैठक घेण्यापेक्षा दीड तासाच्या दोन बैठका अधिक उपयोगी पडतात. प्रत्येकीत पहिली पाच मिनिटे वेगासाठी, वीस मिनिटे सरळ शॉट थांबवण्यासाठी, वीस मिनिटे तीन बॉलांसाठी, आणि उरलेला वेळ कोणाबरोबर तरी खेळण्यासाठी ठेवा. खेळताना सरावातली एकच गोष्ट मनात असावी, उदाहरणार्थ डोके न हलवणे. स्ट्रोक, नेम आणि वेग या सगळ्यांचा विचार वाकल्यावर केला तर हात अडखळतो.

खिशात मावेल अशी वही ठेवा. तारीख, टेबल, सरळ शॉटचे अंतर आणि दहापैकी किती, तीन बॉलांचे दहापैकी किती, एवढेच लिहा. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात दीड फुटांवर दहापैकी चार आणि तीन अशा नोंदी आहेत, आणि सातव्या महिन्यात तीन फुटांवर सात. मधल्या काळात सलग सात आठवडे आकडा हललेला नाही. तुमचा आकडाही असा अडला तर अंतर आणखी वाढवू नका आणि पद्धतही बदलू नका. मोबाइल समोरच्या कुशनवर टेकवून दहा स्ट्रोकचे चित्रण करा, आणि त्यात आधी डोके, मग कोपर, मग टिप कुठे थांबते, या क्रमाने पाहा. पहिली चूक जिथे दिसेल तिथेच थांबा आणि पुढचे दोन आठवडे फक्त तिच्यावर काम करा.